छतावरची वीज धरणगावात पडते केवढ्याला?

ओट्यावर चार माणसं बसली की हल्ली सोलरचा विषय निघतोच. एक जण सांगतो, दोन लाख गेले. दुसरा म्हणतो, माझे तर अडीच हजारच लागले, बाकी सरकारने भरले. तिसऱ्याचं बिल जवळजवळ मिटलंय. चौथा 'शून्य म्हणाले होते, मग दीडशे कसे आले?' म्हणत सोलरवाल्याला फोन लावतोय. चौघेही खरं बोलत असतात. योजना वेगळी, छत वेगळं आणि वीजवापर तर अगदीच वेगळा. म्हणून शेजाऱ्याने तीन किलोवॅट बसवलं की आपणही तीनच बसवायचं, हा हिशेब खिशाला लागतो.

उन्हाची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती. मे २०२४ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेपायी १४४ कलम लावून भरदुपारची उघड्यावरची कामं थांबवावी लागली, असा हा धरणगावचा जळगाव जिल्हा. कूलर ही चैन राहिली नाही आणि बिलही त्याच बेताने वाढलं. त्या उन्हातून वीज करून घ्यायला खरा खर्च किती, तो किती दिवसांत निघतो आणि कुठे फसगत होते, ते इथे सांगतो. दर ढोबळ आहेत. कोटेशन याच्या फार वर गेलं तर कारण विचारा, फार खाली आलं तर दोनदा विचारा.

कोटेशनच्या आधी वीजबिल

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीजवापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा. कागदावर तो आकडा लिहूनच विक्रेत्यासमोर बसा.

बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क असतं. हे सगळं रोज कोण मोजत बसणार? तेव्हा एवढंच लक्षात ठेवा: वहन आकार आणि शुल्क धरून पहिली १०० युनिटं साधारण ७ रुपयांना पडतात, १०१ ते ३०० ची १३ रुपयांना आणि ३०० च्या पुढची १६-१७ रुपयांना. इंधन समायोजनामुळे थोडं इकडेतिकडे होतं.

खरी मेख इथे आहे. छतावरची वीज तुमच्या बिलातली सगळ्यांत महाग युनिटं आधी वाचवते. विक्रेता मात्र सरासरी दर लावून दाखवतो, आणि सरासरीत सगळे किलोवॅट सारखेच फायद्याचे दिसतात.

महिन्याला २५० युनिटं जाळणारं घर घेऊ. आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण १,४०० युनिटं देतं, म्हणजे महिन्याला सरासरी ११६-११७. पहिला किलोवॅट बसवला की ही सगळी युनिटं तेरा रुपयांवाली वाचतात, महिन्याला दीड हजार. दुसरा बसवला की त्यातली थोडी तेराची आणि बाकीची सातची, म्हणजे हजार रुपये. तिसरा बसवला तर वाचायला युनिटंच उरलेली नसतात, सव्वाशे रुपयेसुद्धा नीट वाचत नाहीत. बाकीची वीज महावितरणला जाते.

ती फुकट जात नाही, पण जवळपास तसंच. नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा धरली जातात आणि ३१ मार्चला खातं बंद होतं. तेव्हा उरलेल्या युनिटांचे पैसे घरगुती दराच्या मानाने फारच कमी दराने मिळतात. आता खान्देशातला वर्षाचा वापर आठवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पंखेसुद्धा बंद, छत मात्र वीज करतच असतं. थंडीत अशी जमवलेली युनिटं मार्चअखेरीस हातची जातात आणि दुसऱ्याच दिवसापासून कूलरचा हंगाम सुरू. पुण्या-नाशिकच्या माणसापेक्षा आपल्याला हा नियम जास्त झोंबतो. त्यामुळे मे महिन्याचं बिल बघून किलोवॅट ठरवू नका. वर्षाच्या युनिटांना १,४०० ने भागा, जो आकडा येईल त्याच्या किंचित खालीच राहा.

किंमत आणि अनुदान

केंद्राची पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली. देशभरातली एक कोटी घरं आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद, एवढा तिचा पसारा. तुमच्या घरापुरतं गणित सोपं आहे: एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार. तिसऱ्या किलोवॅटला १८ हजारच मिळतात आणि चौथ्यापासून काहीच नाही. सरकारने हे अनुदान ठरवताना पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ५० हजार आणि तिसऱ्याला ४५ हजार किंमत धरली होती. बाजारात एवढ्यात भागत नाही.

अनुदान हवं तर पॅनेल भारतात बनलेल्या सेलचं लागतं, विक्रेते त्याला 'डीसीआर' म्हणतात. ते आयात सेलवाल्यापेक्षा महाग असतं. जळगाव-धुळ्याकडे सगळं बसवून एक किलोवॅटला साधारण ६५ ते ७५ हजार, दोनला सव्वा ते दीड लाखाच्या आत, तीनला १ लाख ८० हजार ते २ लाख १० हजार, असं धरून चाला. अनुदान वजा केलं की तुमच्या खिशातून अनुक्रमे ३५-४५ हजार, ६५-८५ हजार आणि लाख ते एक लाख तीस हजार.

जीएसटीकडे मात्र लक्ष ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहित्य आणि बसवणी मिळून केलेल्या कामात ७० टक्के साहित्य आणि ३० टक्के सेवा धरतात, सेवेवर १८ टक्के. एकूण बोजा १३.८ वरून ८.९ टक्क्यांवर उतरला. तीन किलोवॅटवर आठेक हजारांचा फरक पडतो. कोटेशनमध्ये 'सर्व करांसह' असं गोल लिहिलेलं असेल तर कर वेगळा काढून मागा.

आता कोणाचे पैसे किती दिवसांत निघतात ते बघू. महिन्याला २०० युनिटं असतील तर दोन किलोवॅटने वर्षाला सुमारे २४ हजार वाचतात, तीन-साडेतीन वर्षांत खर्च वसूल. एसी असलेलं ३३०-३४० युनिटांचं घर तीन किलोवॅटमध्ये त्याहून आधी मोकळं होतं, कारण त्याची वरची युनिटं सोळा-सतराची. ९० युनिटांच्या घराला मात्र बाजारभावाने एक किलोवॅट घेतलं तर वर्षाला साडेसात हजारच वाचतात आणि पाच-सहा वर्षं जातात. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे.

अडीच हजारवाल्यांची योजना

राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची योजना आणली, स्वयंपूर्ण महाराष्ट्र निवासी रूफटॉप. पाच लाख घरं, ६५५ कोटी रुपये. एक किलोवॅटची किंमत ५० हजार धरून केंद्राचे ३० हजार आणि वर राज्याचे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला राज्य १७,५०० देतं, घरचे भरायचे २,५००. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या सर्वसाधारण गटाला १० हजार मिळतात आणि १० हजार भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींना १५ हजार मिळतात, भरायचे ५ हजार. दहा हजार भरणाऱ्याचेही पैसे दीड वर्षाच्या आत निघतात. एवढा चांगला सौदा या अख्ख्या प्रकरणात दुसरा नाही.

मुख्य अट एक आणि ती धरणगावला जड: वर्षभरात कुठल्याही महिन्यात वापर १०० च्या वर गेलेला नसावा. कोकणातलं घर यात सहज बसेल. इथे मे महिन्यात कूलर लावून १०० च्या आत राहणं म्हणजे रात्रभर गच्चीवर झोपणं. मागची बिलं तपासा, एखाद्या महिन्यात आकडा वर गेला असेल तर अर्जाचा वेळ वाया घालवू नका. थकबाकी असेल तर आधी ती भरा.

सरकार एवढं उदार का झालं, हा प्रश्न कोणी विचारत नाही. शंभर युनिटांच्या आतल्या घराला आणि शेतीपंपाला वीज स्वस्त पडते, कारण तिचा तोटा उद्योग आणि दुकानदार यांच्या दरातून भरून काढतात. हीच घरं आणि हेच पंप सूर्यावर गेले की तो तोटा आटतो. तुमचा फायदा खरा आहे, पण सरकारी तिजोरीचाही आहे. म्हणून अर्ज करताना उपकाराखाली वाकू नका, जे कागदावर आहे ते मागून घ्या.

धाबं, पत्रा की स्लॅब?

किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते. एक पॅनेल ५४०-५५० वॅटचं आणि वजनाला २५ ते ३० किलो. तीन किलोवॅटला अशी सहा, वर लोखंडी सांगाडा. सिमेंटच्या स्लॅबला हे ओझं काहीच नाही.

गावठाणातल्या जुन्या घरांची गोष्ट वेगळी. लाकडी कड्यांवर मातीचं धाबं असेल तर त्यावर थेट काही उभं करायचं नाही. जमिनीतून किंवा भिंतीलगत स्वतंत्र खांब घेऊन सांगाडा उचलावा लागतो आणि तो खर्च कोणत्याही योजनेत धरलेला नसतो. काही विक्रेते 'चालतंय काका, काही होत नाही' म्हणून धाब्यावर सिमेंटचे ठोकळे ठेवून मोकळे होतात. पहिल्या पावसात माती बसली की सांगाडा कलतो आणि घरात गळती सुरू होते. पत्र्यावर बसतं, पण खालचे अँगल पक्के हवेत आणि पत्र्याला अगदी चिकटवून बसवलं तर पॅनेल तापतं.

स्लॅबवालेही एका गोष्टीत चुकतात. कमी उंचीचा सांगाडा स्वस्त म्हणून तोच घेतात, आणि एप्रिलमध्ये घरातल्या बायका विचारतात, बिबड्या वाळवायच्या कुठे? कुरडया, उडदाचे पापड, मिरच्या, उन्हाळ्यातलं झोपणं, खान्देशातली गच्ची म्हणजे घराची आणखी एक खोलीच. ती खोली घालवायची नसेल तर सात-आठ फूट उंच सांगाडा सांगा. त्याला १२ ते २५ हजार वरचे लागतात. कोटेशनवर सांगाड्याची उंची फुटांत लिहून घेतली नाही तर बसवायच्या दिवशी वाद ठरलेला. उंच सांगाड्याखाली हवा खेळते, त्यामुळे पॅनेलही कमी तापतं. घरातल्या बाईचं मत कोटेशनच्या आधी घ्या, हे मी गमतीने लिहीत नाही.

सावली बघताना दुपारी बारालाच बघू नका. सकाळी नऊला शेजारच्या पाण्याच्या टाकीची आणि हिवाळ्यात संध्याकाळी चारला लिंबाच्या झाडाची सावली कुठे पडते तेही पाहा. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या इतरांची वीज घटते.

ऊन जास्त म्हणून वीज जास्त, असं नाही

पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. कारखान्यात त्याची ताकद २५ अंशांना मोजलेली असते. त्यापुढे दर अंशाला साधारण पाव-अर्धा टक्का वीज कमी होते. मेमध्ये बाहेर ४५ असताना पॅनेलची काच ६५ पर्यंत जाते, म्हणजे दुपारी सातवा हिस्सा तिथेच गेला. ढगांमुळे जुलै-ऑगस्टमध्ये तर उत्पादन खूपच उतरतं. वर धरलेल्या १,४०० युनिटांमध्ये हे सगळं आलं. कोणी वर्षाला १,८०० चा आकडा दाखवत असेल तर त्याला दारातच नमस्कार करा.

दुसरी गोष्ट धूळ. दिवाळीनंतर जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचे तंतू आणि मातीचा थर पॅनेलवर बसतो. दवाने तो ओला होतो, उन्हाने वाळतो, आणि नुसत्या झाडूने निघत नाही. पंधरा-वीस दिवसांनी पुसावं लागतं. आता धरणगावकराला पाण्याचं काय सांगायचं! नळाला पाणी कधी येतं याचं वेळापत्रक इथे घरातल्या लहान पोरालाही पाठ असतं. अशा गावात पॅनेलवर पाइप धरणं शोभत नाही आणि त्याची गरजही नाही. सहा पॅनेलना एक-दीड बादली, लांब दांड्याचा मऊ वायपर, एवढ्यात होतं. फक्त बोअरचं खारं पाणी काचेवर वाळू देऊ नका. पांढरे डाग पडतात आणि ते घासताना काच ओरखडते. नळाचं साठवलेलं पाणी या कामाला ठेवा, आणि पुसायचं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. माणूस लावून करून घेतलं तर वर्षाला दोन-तीन हजार धरा.

तिसरी गोष्ट वादळ. जूनच्या तोंडावर रावेर-यावलकडची केळी ज्या वाऱ्याने आडवी होतात, तो वारा तापी ओलांडून इकडेही येतो. सांगाडा गरम जस्ताच्या कढईत बुडवलेला हवा, नुसता चंदेरी रंग मारलेला नको. पाय स्लॅबला कसे बांधणार आणि भोकं पाडल्यावर गळती कोण थांबवणार, हे लिहून घ्या. विजेसाठी तीन वेगळे अर्थिंग हवेत, एक इन्व्हर्टरच्या एसी बाजूला, एक पॅनेलच्या बाजूला आणि एक वीजरोधकाला. उन्हाळ्यात काळी माती कोरडी पडून भेगाळते, तेव्हा अर्थिंगचा खड्डा उथळ असला तर त्याचा उपयोग राहत नाही. पैसे वाचवायला विक्रेते नेमकं इथेच कात्री लावतात, कारण खड्डा बुजवल्यावर कोण बघणार? खड्डा बुजवायच्या आधी तुम्हीच बघा, मोबाइलवर फोटो काढा.

लाइट गेली की सोलरही जातं

ही गोष्ट सगळ्यात उशिरा कळते आणि सगळ्यात जास्त चिडचिड करवते. योजनेतला साधा इन्व्हर्टर ग्रीडची वीज असेल तरच चालतो. लाइट गेली की रणरणत्या उन्हातही तो बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छताकडून झटका बसू नये म्हणून तशी रचना असते, बिघाड नसतो. घरातला जुना बॅटरी-इन्व्हर्टर वेगळा चालू ठेवता येतो, तो विकून टाकू नका. लाइट गेल्यावरही सोलर हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम बॅटरी लागते, खर्च लाखभराने वाढतो, आणि बॅटरीला अनुदान नाही. दिवसाकाठी तास-दोन तास लाइट जाणाऱ्या घराला हा खर्च परवडत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी दवाखाना किंवा शिवणकामाचा धंदा असेल तर विचार करा.

'शून्य बिल' हेही तसंच. सगळी युनिटं वजा झाली तरी स्थिर आकार उरतो, सिंगल फेजला सव्वाशे-दीडशे. थ्री फेजला तो चारशेच्या वर जातो. तीन किलोवॅटसाठी थ्री फेज करून घ्या, असं कोणी सुचवलं तर खरंच गरज आहे का ते आधी विचारा. दर महिन्याला अडीचशे-तीनशे रुपये कायमचे मागे लागतात.

वीजदराचं राजकारणही डोळ्यांआड करू नका. राज्य वीज नियामक आयोगाने पाच वर्षांच्या दरांचा आदेश २८ मार्च २०२५ ला दिला, काही दिवसांतच स्वतः त्याला स्थगिती दिली आणि २५ जूनला सुधारित आदेश काढला. स्मार्ट मीटर असलेल्या घराला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत सवलत, आणि छतावरच्या विजेची वजावट कोणत्या वेळेच्या वापरातून करायची, यावर त्या वर्षी चांगलंच रण माजलं. पुढेही माजेल. सात-तेरा-सोळा हे आकडे पंचवीस वर्षं असेच राहतील असं धरून कोणी 'पंचवीस वर्षांत बारा लाख वाचतील' म्हणालं तर तो कागद बाजूला ठेवा, चार वर्षांचाच हिशेब मागा. नेट मीटरिंगच्या करारावर सही करण्याआधी वजावटीचं कलम वाचा.

त्याआधी पंखे

सोलर घ्यायच्या आधी एक छोटा खर्च करून बघा. जुना छतपंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास फिरले तर महिन्याला ६५ युनिटं वाचतात, आणि तीही तेरा रुपयांवाली असतील तर आठशेच्या वर. चार पंख्यांना साडेअकरा-बारा हजार लागतात. थंडीतले बंद महिने धरूनही पावणेदोन वर्षांच्या आसपास पैसे परत, छत नको, नेट मीटर नको, अनुदानाची वाट बघणं नको. पंखे बदलल्यावर बऱ्याच घरांना तीनऐवजी दोन किलोवॅट पुरतं. हे सांगायला सोलरवाला येणार नाही.

पर्यावरणाचा हिशेब हवा असेल तर तोही इथेच बसतो. भुसावळजवळच्या दीपनगरला कोळशावर अजूनही शेकडो मेगावॅटचे संच धगधगतात. देशाच्या ग्रीडमधलं एक युनिट म्हणजे साधारण पाऊण किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. दोन किलोवॅटचं छत वर्षाला दोन टनांच्या आसपास वाचवतं. न लागलेली वीज मात्र त्याहून स्वच्छ.

शेतातला पंप आणि पडीक जमीन

शेतकऱ्याचा हिशेब निराळा. मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाचं बिल मार्च २०२९ पर्यंत सरकार भरतंय. मग पैसे भरून सौर पंप कशाला? कारण फुकटातली वीज बऱ्याचदा रात्री येते आणि रात्रीच्या पाण्याबरोबर साप-विंचू येतात. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीनची मोटर, पाच एकरांपर्यंत पाचची, त्यावर साडेसातची. केंद्राच्या पीएम-कुसुम या सौर पंप योजनेच्या दरपत्रकात सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा तीनला १९ हजारांच्या वर, पाचला २७ हजारांच्या आसपास आणि साडेसातला ३७ हजारांच्या वर होता, अंदाज त्यावरून बांधा. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा त्यातच असतो. खड्डे खोदायचे, वाळू-सिमेंट आणायचं, गाडीभाडं द्यायचं असं वरचं कोणी मागितलं तर पावती मागा, मागणी बहुधा तिथेच विरते. विहिरीची खोली अर्जात खरी लिहा, कारण पंपाचा प्रकार त्यावर ठरतो.

ज्यांच्याकडे उपकेंद्राजवळ पडीक जमीन आहे त्यांना मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं मिळतं, दर वर्षी ३ टक्के वाढीने. मुरमाड जमिनीला एवढं उत्पन्न दुसरं कुठलं नाही. करार मात्र वकिलाकडून वाचून घ्या. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून उभा आहे. त्याच जिल्ह्यात विखरणचे धर्मा पाटील यांनी वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या तुटपुंज्या मोबदल्यापायी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतलं आणि २८ तारखेला ते गेले. वीज कोळशाची असो की उन्हाची, जमिनीच्या कागदावर काय लिहिलंय ते तितकंच महत्त्वाचं. भाडेपट्टा किती वर्षांचा, मुदतीनंतर सिमेंटचे पाये कोण काढणार, आणि भाडं थकलं तर दाद कुठे मागायची, या तीन ओळी करारात नसतील तर अंगठा देऊ नका.

कागद आणि पैसे कोणत्या क्रमाने

निम्म्या अर्जांची गाडी इथे अडते: मीटर अजून आजोबांच्या नावावर. अनुदान ज्याच्या नावे वीजजोडणी त्याच्याच बँक खात्यात येतं. आजोबा वारून पंधरा वर्षं झाली असतील तर आधी महावितरणकडे नाव बदला, घरपट्टीची पावती आणि वारसांची संमती जोडून. यात महिना जाऊ शकतो, म्हणून हे पहिलं काम.

मग पीएम सूर्यघर पोर्टलवर बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून अर्ज, स्वतःच्या मोबाइलवरून आणि स्वतःच्या ओटीपीने. विक्रेता पोर्टलवरच्या यादीतलाच हवा. दहा किलोवॅटपर्यंत महावितरणच्या तांत्रिक तपासणीची वाट बघावी लागत नाही, मंजूर भारही आपोआप वाढतो, आणि घरगुती ग्राहकाला नेट मीटर महावितरणच देतं. 'मीटरचे वेगळे', 'साहेबांचे वेगळे' असं कोणी सांगितलं तर ते कोटेशनमध्ये लिहून द्यायला सांगा.

कर्ज घ्यायचं तर तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय दोन लाखांपर्यंत मिळतं, व्याज सहा-सात टक्के. सव्वा लाखाला दहा वर्षांचा हप्ता दीड हजाराच्या आत बसतो. पतपेढीतून बारा-चौदा टक्क्यांनी घेऊ नका. अनुदान वळतं करून देतो, तुम्ही फक्त उरलेले भरा, असं म्हणणाऱ्या विक्रेत्याकडे कोरा चेक ठेवायचा नाही.

पैसे देताना साधारण ३० टक्के काम ठरल्यावर, ६० टक्के सामान घरी आल्यावर द्या. त्या दिवशी पॅनेलच्या मागचे क्रमांक डीसीआर प्रमाणपत्राशी जुळवून घ्या, इन्व्हर्टरची हमी पाच वर्षांची की दहाची ते पाहा. पुढे कधीतरी इन्व्हर्टर बदलावा लागतोच, आणि तीन किलोवॅटच्या नव्याला पंचवीस-पस्तीस हजार लागतात. पाच वर्षांच्या देखभालीचा करार शिक्क्यासह हातात घ्या. उरलेले १० टक्के नेट मीटर लागून त्याच्या पडद्यावर बाहेर गेलेल्या युनिटांचा आकडा सरकताना स्वतः बघितल्यावर.